ताप कुठून आला, ते आधी सांगा

विल्यम ऑस्लर हे कॅनडाने वैद्यकाला दिलेलं सर्वांत मोठं नाव. ऑन्टारिओतल्या बाँड हेड या खेड्यात १८४९ साली त्यांचा जन्म झाला, मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ते शिकले आणि तिथेच शिकवू लागले. १८९२ साली त्यांनी वैद्यकाचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यावर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. त्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण टायफॉइडवर आहे, आणि त्या काळी त्यात कुणाला नवल वाटलं नसेल, कारण टायफॉइड उत्तर अमेरिकेत घरोघरी होता. पुढे १९२७ साली दूषित दुधामुळे एकट्या मॉन्ट्रियलमध्ये पाच हजारांहून अधिक माणसं टायफॉइडने आजारी पडली, पाचशेहून अधिक दगावली. आज त्याच शहरात शिकून बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरने टायफॉइडचा रुग्ण प्रत्यक्ष पाहिलेला नसेल, तर तो त्याचा दोष नव्हे. इकडे साताऱ्यातल्या किंवा पनवेलच्या डॉक्टरच्या मनात पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की पहिल्या चार नावांत टायफॉइड असतोच. जंतू तोच आहे, माणसाचं आतडंही तेच आहे. शंभर वर्षांत आणि बारा हजार किलोमीटरांत बदलली ती फक्त शक्यता.

‘दुर्मिळ आजाराचं निदान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मालिकेतला तऱ्हेवाईक, विलक्षण बुद्धीचा डॉक्टर येतो. तसे प्रसंग असतात, पण थोडे. कॅनडातल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत जो आजार दुर्मिळ ठरतो, तो बहुतेकदा एखाद्या दुसऱ्या ठिकाणचा अगदी साधा आजार असतो. तो ओळखायला लागणारी सर्वांत महत्त्वाची माहिती रुग्णाकडे आणि त्याच्या घरच्यांकडे असते. कोणत्याही महागड्या यंत्रातून ती निघत नाही. ती कोणती, कोणत्या वेळी द्यायची आणि का द्यायची, हे या लेखात सांगायचं आहे. ‘का’वर मी अधिक जागा खर्च करणार आहे, कारण ‘का’ पटलं नाही तर तापाने फणफणलेल्या माणसाला इमर्जन्सीच्या रांगेत बाकी काहीच आठवत नाही.

पुरावा म्हणून कॅनडाच्याच इतिहासातलं एक जोडउदाहरण पाहण्यासारखं आहे. २००३ च्या फेब्रुवारीत टोरंटोची एक वृद्ध महिला हाँगकाँगला जाऊन २३ तारखेला परतली. काही दिवसांत आजारी पडली आणि ५ मार्चला घरीच वारली. मृत्यूचं कारण हृदयविकार असं नोंदलं गेलं. ७ मार्चला तिचा मुलगा स्कारबरो ग्रेस रुग्णालयाच्या इमर्जन्सीत गेला. त्याला ताप होता, श्वास लागत होता. जागा रिकामी होईपर्यंत त्याला इतर रुग्णांबरोबर निरीक्षणकक्षात कित्येक तास ठेवावं लागलं. डॉक्टरांना संशय आला तो टीबीचा. १३ मार्चला तो दगावला, आणि तोवर, पुढे सार्स म्हणून ओळखला गेलेला हा आजार रुग्णालयात पसरू लागला होता. त्याच ७ मार्चला, तिकडे व्हँकूव्हरमध्ये, हाँगकाँगमार्गे परतलेला एक माणूस अशाच तक्रारी घेऊन व्हँकूव्हर जनरल रुग्णालयात पोचला. काही मिनिटांत त्याला वेगळं ठेवलं गेलं, कर्मचाऱ्यांनी मास्क चढवले आणि साथ तिथेच थांबली. टोरंटो परिसरात मात्र ती उन्हाळ्यापर्यंत चालली. देशभरात ४३८ संभाव्य व संशयित रुग्ण आणि ४४ मृत्यू, असा शेवटचा हिशेब आहे. दोन्ही शहरांत त्या दिवशी या आजाराला नावसुद्धा नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा १२ मार्चला आला. म्हणजे व्हँकूव्हरच्या डॉक्टरांना ‘निदान’ झालं होतं असं म्हणता येत नाही. त्यांनी एवढंच केलं की ताप आणि प्रवास या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या.

या उदाहरणावर एक रास्त आक्षेप आहे. व्हँकूव्हरच्या डॉक्टरांना आधीच सावध करण्यात आलं होतं. ब्रिटिश कोलंबियाच्या रोगनियंत्रण केंद्राने चीनकडून येणाऱ्या विचित्र न्यूमोनियाबद्दल फेब्रुवारीतच सूचना पाठवल्या होत्या. ऑन्टारिओत तशी यंत्रणा ढिली पडली होती. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या चौकशी आयोगाने यंत्रणेच्या त्रुटींवरच बोट ठेवलं, कुणा एका डॉक्टरवर नव्हे. आक्षेप मान्य. पण टोरंटोच्या प्रकरणातली आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो मुलगा स्वतः कुठेही गेला नव्हता. ‘तुम्ही अलीकडे परदेशी गेला होता का?’ या प्रश्नाला त्याचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असंच होतं. आपल्या घरांत हे रोजचं आहे. बाबा सुपर व्हिसावर नुकतेच आलेले असतात, मावशी लग्नाहून परतलेली असते, खोली वापरणारा विद्यार्थी महिन्यापूर्वी नागपूरहून आलेला असतो. तेव्हा डॉक्टर ‘तुम्ही’ विचारतील. तुम्ही उत्तर ‘आमच्या घरातलं कुणीही’ असा प्रश्न समजून द्या.

आता शक्यतेचा हिशेब. कॅनडात दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ५ जणांना टीबी होतो. भारतात तोच आकडा दोनशेच्या जवळपास आहे. उलट क्रोन्ससारख्या आतड्याच्या दाहक आजारांचं प्रमाण कॅनडात जगातल्या सर्वाधिक देशांत गणलं जातं, हजारात सुमारे आठ. समजा, एखाद्या माणसाला महिनोन् महिने पोटदुखी आहे, वजन घटतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो आणि दुर्बिणीतून लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर व्रण दिसतात. हे चित्र क्रोन्सचं असू शकतं आणि पोटाच्या टीबीचंही. बायॉप्सीतही दोन्ही आजारांत गाठीसारख्या पेशींचे पुंजके दिसतात. टीबीचे जंतू नमुन्यात सापडले तर प्रश्न मिटतो, पण पोटाच्या टीबीत ते बऱ्याचदा सापडतच नाहीत. मग पारडं झुकवते ती शक्यता. मुंबईचा पोटविकारतज्ज्ञ आधी टीबीचा विचार करील, कॅल्गरीचा क्रोन्सचा, आणि दोघेही आपापल्या गावी बरोबरच असतील. गोंधळ होतो तो मुंबईत वाढलेला माणूस कॅल्गरीत आजारी पडतो तेव्हा. तो गोंधळ नुसता बौद्धिक राहत नाही. क्रोन्ससाठी स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं देतात, जी प्रतिकारशक्ती दाबतात. मूळ आजार टीबीचा असेल तर तो अंगभर पसरू शकतो. अशी औषधं सुरू करण्याआधी सुप्त टीबीची चाचणी करण्याचा रिवाज इथे आहे. पण ‘लहानपणी आजोबांना टीबी होता आणि आम्ही एकाच खोलीत झोपायचो’ ही गोष्ट चाचणी सांगत नाही. ती तुम्हीच सांगायची.

स्टेरॉइडचा विषय निघालाच आहे तर एका जंताबद्दल सांगायला हवं, कारण त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नसतं: स्ट्राँगिलॉइडिस. अनवाणी पायांना ओल्या मातीतून तो लागतो आणि शरीरात स्वतःचीच नवी पिढी वाढवत राहतो. त्यामुळे गाव सोडून तीस-चाळीस वर्षं झाली तरी तो आत असू शकतो. एरवी तो फारसा त्रास देत नाही. कधी खाज, कधी पोट बिघडणं, रक्तात इओसिनोफिल पेशी थोड्या वाढलेल्या. पण दम्यासाठी, संधिवातासाठी किंवा कर्करोगाच्या उपचारात स्टेरॉइडचा मोठा डोस मिळाला की हा जंत बेफाम वाढतो, आतड्यातले जीवाणू रक्तात ओढून नेतो, आणि माणूस जाऊ शकतो. हे सगळं रक्ताच्या एका तपासणीने आणि आयव्हरमेक्टिनच्या थोड्या गोळ्यांनी टळतं, पण त्यासाठी रुग्ण लहानपणी कोकणातल्या किंवा विदर्भातल्या शेतात अनवाणी हिंडला आहे हे कुणाला तरी ठाऊक हवं. कॅनडाच्या इमिग्रेशनच्या वैद्यकीय तपासणीत हे कळत नाही. ‘आमची तपासणी होऊनच तर आलो’ असं अनेकजण म्हणतात. त्या तपासणीत अकरा वर्षांवरील व्यक्तींच्या छातीचा एक्स-रे काढतात, तो फुप्फुसातला चालू टीबी शोधायला. सुप्त टीबी किंवा आतड्यातला जंत त्यात दिसत नाही.

इथवर वाचून कुणी असा निष्कर्ष काढील की मराठी माणसाला कॅनडात काही वेगळं झालं की ते भारतातूनच आलेलं असणार. हाही तितकाच मोठा धोका आहे, आणि काही वेळा अधिक मोठा. हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठातले पॅट क्रॉस्केरी या इमर्जन्सी वैद्यकाच्या प्राध्यापकांनी डॉक्टरांचं निदान कुठे घसरतं यावर वर्षानुवर्षं लिहिलं आहे. पहिल्याच सुचलेल्या कल्पनेला चिकटून बसणं आणि समाधानकारक नाव सापडताच पुढचा विचार थांबवणं, या त्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलेल्या चुका आहेत. अमेरिकेत मार्क ग्रेबर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली चुकलेल्या निदानाच्या १०० प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचारातल्या चुकांमध्ये सर्वाधिक आढळलेली चूक हीच होती: विचार लवकर थांबवला गेला. भारतीय आडनाव आणि फुप्फुसावर डाग, एवढ्यावर ‘टीबी’ म्हणून थांबणं हे त्याचंच रूप आहे.

कारण कॅनडाची माती, झाडी आणि कीटकही आपापले आजार बाळगून आहेत. वायव्य ऑन्टारिओत केनोराच्या आसपास आणि मॅनिटोबात ओल्या मातीत, कुजक्या लाकडात ब्लास्टोमायसिस नावाची बुरशी असते. तिने होणारा आजार खोकला, ताप, वजन घटणं आणि फुप्फुसावरचा डाग अशी टीबीची हुबेहूब नक्कल करतो, वर त्वचेवर चामखिळीसारखे व्रणही आणतो. तळ्याकाठी कॅम्पिंगला गेलेल्या मराठी माणसाला तो झाला, तर त्याची जन्मभूमीच त्याच्या विरोधात जाते. टीबीसाठीची मांटू त्वचाचाचणी सकारात्मक निघते, बीसीजीमुळे किंवा जुन्या सुप्त संसर्गामुळे. टीबीची औषधं सुरू होतात आणि आजार वाढत राहतो. सुप्त टीबी असणं आणि आजचा खोकला टीबीचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चांगले डॉक्टरही घाईत विसरतात. पश्चिम किनाऱ्यावरही असंच. क्रिप्टोकॉकस गॅटी ही बुरशी उष्ण प्रदेशातली समजली जायची, पण १९९९ पासून व्हँकूव्हर बेटावर तिने धडधाकट माणसांनाही गाठायला सुरुवात केली. बेटावर गेल्यानंतर आजार दिसायला सहा-सात महिने लागू शकतात. तोवर माणूस ब्रॅम्प्टनला परतून ती सहल विसरलेलाही असतो. देशांतर्गत प्रवास हाही प्रवासच.

लाइम आजाराचं तर चित्रच पालटलं आहे. १९७० च्या दशकात कॅनडात तो पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडांचं कायमचं वस्तीस्थान म्हणून एरी सरोवराकाठचा लाँग पॉइंट एवढाच भाग ठाऊक होता. लाइमची राष्ट्रीय नोंद २००९ साली सुरू झाली, तेव्हा वर्षाला १४४ रुग्ण होते. २०२१ साली ३१४७. अंगावरचा वाढता लाल चट्टा सावळ्या त्वचेवर नीट दिसत नाही, पुस्तकातली चित्रं गोऱ्या त्वचेची असतात. मग एक दिवस तोंड एका बाजूला वाकडं होतं, किंवा तिशीतला माणूस चक्कर येऊन पडतो आणि ईसीजीत हृदयाचा विद्युत्प्रवाह अडलेला दिसतो. दक्षिण आशियाई माणूस म्हटलं की हृदयविकाराची शंका आधी येते, आणि सहसा ती योग्यच असते. पण लाइममुळे झालेला हा अडथळा अँटिबायोटिकने उतरतो. कायमचा पेसमेकर घालण्याआधी हा विचार व्हावा यासाठी किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातले एड्रियन बारानचुक आणि सहकारी आग्रह धरत आले आहेत. अशा वेळी ‘मे-जूनमध्ये आम्ही कॉटेजवर होतो, गवतात फिरलो’ हे एक वाक्य छातीत यंत्र बसण्यापासून वाचवू शकतं.

रेबीजबद्दल आपण भारतात कुत्र्याचा विचार करतो. इथे वटवाघळाचा करायचा. ऑन्टारिओत २०२४ साली रेबीजने एक मृत्यू झाला. प्रांतातच संसर्ग झालेला १९६७ नंतरचा तो पहिला रुग्ण होता. खोलीत वटवाघूळ आढळलं होतं, चावल्याची खूण दिसली नव्हती. झोपेतून उठल्यावर खोलीत वटवाघूळ दिसलं, तर जखम शोधत बसू नका. त्याच दिवशी सार्वजनिक आरोग्य विभागाला फोन करा. आणि सुट्टीत पुण्याच्या गल्लीत पोराला कुत्र्याने ओरबाडलं असेल, तर तिथे लशीचे किती डोस झाले याचा कागद घेऊनच विमानात बसा.

आता वेळेचा हिशेब. शाळांच्या सुट्ट्यांमुळे आपली बहुतेक कुटुंबं जुलै-ऑगस्टमध्ये भारतात जातात, म्हणजे नेमकी पावसाळ्यात. तेव्हा मुंबईत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो शहराने चांगलाच अनुभवला. मलेरिया, डेंगी, टायफॉइड असतात. विदर्भात पावसाळा सरता सरता स्क्रब टायफस असतो. सिंधुदुर्गात काजूच्या बागांकडे २०१६ पासून माकडतापही आहे, पण तो जानेवारी ते मे-जूनचा. यातला प्रत्येक आजार आपापल्या वेळापत्रकाने चालतो, आणि डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो. परतल्यानंतर दोन आठवडे उलटून सुरू झालेला ताप डेंगीचा असण्याची शक्यता जवळजवळ संपते. फाल्सिपेरम मलेरिया बहुधा तीन महिन्यांच्या आत दिसतो, पण व्हायव्हॅक्स यकृतात दडून वर्षभरानेही उठतो. टायफॉइड सहसा एक ते तीन आठवड्यांत. यकृतातला अमिबाचा गळू महिन्यांनी, कधी वर्षांनी. टीबीला तर मुदतच नाही. म्हणून ‘उन्हाळ्यात भारतात गेलो होतो’ हे पुरेसं नाही. कोणत्या तारखेला पोचलो, कोणत्या तारखेला परतलो, ताप कोणत्या दिवशी आला, हे हवं. तारखा लिहिताना महिन्याचं नाव अक्षरी लिहा. ०७/०८ म्हणजे ७ ऑगस्ट की ८ जुलै, यावर इथे हमखास घोटाळा होतो आणि या घोटाळ्यात एखादा आजार यादीतून गळतो.

स्थळही तितकंच बारकाईने सांगा. ‘इंडिया’ हे उत्तर डॉक्टरच्या काही कामाचं नाही. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोन आठवडे राहणं आणि दापोलीच्या शेतात लावणीला उतरणं यांत फरक आहे. चिखलात उतरला होता का, ओढ्यात-विहिरीत पोहला होता का, गोठ्यातलं न तापवलेलं दूध प्यायलं का, जनावराच्या बाळंतपणाला हात लावला का, इंजेक्शन-सलाईन घेतलं का, दाताचं काम किंवा शस्त्रक्रिया करून घेतली का. कच्च्या दुधाचा प्रश्न ब्रुसेलोसिससाठी, जो आठवडेच्या आठवडे चढउतार करणारा ताप आणि पाठदुखी देतो. मधुमेही माणूस कर्नाटक-केरळच्या किनाऱ्याकडे पावसाळ्यात राहून आला असेल आणि पुढे न्यूमोनिया किंवा गळू झाला, तर मेलिऑइडोसिसचाही विचार करावा लागतो. या दोन्ही आजारांचे जंतू कल्चरच्या ताटलीत वाढले तर लॅबमधल्या माणसालाच संसर्ग देऊ शकतात, त्यामुळे लॅबला आधी कळवणं डॉक्टरचं कर्तव्य असतं. अंगावर काखेत, जांघेत, कमरेपाशी न दुखणारी काळी खपली आहे का, हे स्वतः पाहा. स्क्रब टायफसची ती खूण असते आणि लाजेपायी कुणी दाखवत नाही. इथे न्यूमोनियाला नेहमी देतात त्या अँटिबायोटिकांपैकी बऱ्याच या आजारावर चालत नाहीत, डॉक्सिसायक्लिन चालतं.

औषधांचं वेगळं सांगायला हवं. भारतात ताप आला की मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांचं अँटिबायोटिक घेऊन माणूस विमानात बसतो. अशा अर्धवट कोर्सने टायफॉइड बरा होत नाही, फक्त ब्लड कल्चरमध्ये जंतू उगवेनासा होतो, आणि इथल्या डॉक्टरच्या हाती कोरा अहवाल येतो. गोळ्यांची रिकामी स्ट्रिप फेकू नका; तिच्यावरचं मूळ औषधाचं नाव हवं, कारण भारतातलं ब्रँडनाव इथे कुणाला कळत नाही. इथे टायफॉइडची विडाल चाचणी करत नाहीत म्हणून अनेकजण नाराज होतात. करत नाहीत ते योग्यच आहे, ती चाचणी विश्वासार्ह नाही. टायफॉइडसाठी ब्लड कल्चर हवं आणि ते शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. मलेरियाचं उलट आहे: रक्ताची काच एकदा स्वच्छ आली म्हणून मलेरिया नाही असं म्हणता येत नाही, १२ ते २४ तासांच्या अंतराने ती पुन्हा, एकूण तीनदा तपासावी लागते. पहिली चाचणी ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं आणि ताप पुन्हा आला, तर परत जायला संकोच नको.

आणि भस्मं. पोटात कळा, अशक्तपणा, रक्तक्षय, बद्धकोष्ठ अशा तक्रारींवर दुर्बिणी, सीटी स्कॅन सगळं होतं, काही सापडत नाही, आणि शेवटी रक्तात शिसं निघतं. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं. आयुर्वेदावर टीका करण्याचा इथे हेतू नाही. रसौषधी धातूंपासूनच बनतात हे आपल्याला परंपरेने ठाऊक आहे. इथल्या डॉक्टरला ते ठाऊक नाही, आणि ‘कोणती औषधं घेता?’ याला आपण ‘बीपीची गोळी’ एवढंच उत्तर देतो. काढे, वट्या, भस्मं, होमिओपॅथीच्या पुड्या, वजन वाढवायच्या किंवा सांधेदुखीच्या बिननावाच्या गोळ्या, ज्यांत कधीकधी स्टेरॉइड असतं, हे सगळं औषधच समजा.

या सगळ्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला: अशाने प्रत्येक जण दहा आजारांची यादी घेऊन जाईल, तपासण्या वाढतील, आधीच लांबलेल्या रांगा आणखी लांबतील. अनावश्यक तपासण्यांविरुद्ध इथे ‘चूझिंग वाइजली कॅनडा’ ही मोहीम २०१४ पासून चालू आहे आणि तिचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच आजारांची यादी नेऊ नका, घटनांची न्या. ‘मला स्क्रब टायफस असेल’ असं म्हणणारा रुग्ण डॉक्टरला बचावात ढकलतो; ‘वर्ध्याहून २२ सप्टेंबरला परतलो, शेतात गेलो होतो, ताप २ ऑक्टोबरपासून’ असं म्हणणारा त्याला कामाला लावतो. नेमकी माहिती मिळाली की तपासण्या कमी होतात, कारण कोणत्या करायच्या नाहीत हेही कळतं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न इथे अनेकांना टोचतो, आणि सार्सच्या काळात टोरंटोतल्या चिनी कॅनेडियनांना जी वागणूक मिळाली ती आठवली तर टोचणं समजण्यासारखं आहे. पण इथे प्रश्न वंशाचा नाही, शरीर कुठे कुठे जाऊन आलं याचा आहे. मिसिसॉगात जन्मलेली मुलगी पुण्यात महिना काढून आली तर टायफॉइडचा धोका तिला आहे. वीस वर्षांत भारतात न गेलेल्या तिच्या काकांना नाही. दक्षिण आशियातून ऑन्टारिओत आलेल्या कुटुंबांची इथे जन्मलेली मुलं पाहिली, तर आतड्याच्या दाहक आजारांचा धोका त्यांना इथल्या इतर मुलांएवढाच असतो, असं एरिक बेंचिमॉल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आढळलं. त्यांच्या आईवडिलांना तो कमी होता. एका पिढीत शक्यता बदलते, आडनाव बदलत नाही. डॉक्टर आडनावावरून अंदाज बांधू लागले तर तो थांबवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे त्यांना अंदाजाची गरजच पडू न देणं.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच: घरातला टीबी, जुना कुष्ठरोग, गुप्त आजार हे सांगायचं कसं, मुलगा दुभाषा म्हणून बाजूला उभा असताना? सासूबाई सुनेसमोर बोलणार नाहीत. त्यासाठी रुग्णालयाकडे दुभाषा मागा. मोठ्या रुग्णालयांत फोनवरून ही सोय होते. सुपर व्हिसावर आलेले आईवडील विम्याच्या भीतीने दुखणं अंगावर काढतात. किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा त्या व्हिसासाठी सक्तीचाच असतो, तो अशाच दिवसासाठी. टीबीची औषधं कॅनडात सार्वजनिक आरोग्य विभागामार्फत मोफत मिळतात, आणि ऑन्टारिओत हेल्थ कार्ड नसलेल्यांसाठीही टीबीच्या तपासणीची व उपचाराची स्वतंत्र योजना आहे. वैद्यापासून लपवू नये, हे आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको.

प्रत्यक्षात करायचं ते थोडं आहे. घरातल्या प्रत्येकासाठी एक पान इंग्रजीत तयार ठेवा: जन्म आणि वाढ कुठे झाली, गावी की शहरात, कोणत्या प्रांतांत आणि देशांत राहणं झालं, घरात कुणाला टीबी होता का, मधुमेह, शस्त्रक्रिया, रक्त चढवलं का, लसी, सर्व औषधं. प्रवासाच्या तारखा दर वेळी खाली जोडत जा. वॉक-इन क्लिनिकमध्ये दर वेळी नवा डॉक्टर असतो, तुमची गोष्ट पुढे नेणारा दुवा हे पानच. भारतातून परतल्यानंतर वर्षभरात ताप आला, तर इमर्जन्सीत ट्रायाजच्या नर्सला पहिल्याच वाक्यात देश, परतल्याची तारीख आणि ताप हे तिन्ही सांगा, आणि मलेरिया तपासलात का हे विचारा. तापाबरोबर ग्लानी, धाप, कावीळ किंवा रक्तस्राव असेल तर एक तासही थांबू नका. काय करावं कळत नसेल तर बहुतेक प्रांतांत ८११ या क्रमांकावर नर्स भेटते. आजार लांबला आणि उपचारांना दाद देईना, तर डॉक्टरांना दोन प्रश्न नम्रपणे विचारा: ‘या निदानात न बसणारं काय आहे?’ आणि ‘आणखी काय असू शकतं?’ टोरंटो जनरल रुग्णालयात आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिलमध्ये उष्णकटिबंधीय आजारांचे विभाग आहेत, तुमच्या डॉक्टरांना तिथे सल्ला मागता येतो.

त्या पानावरचे काही रकाने तुम्हाला स्वतःहून भरता येणार नाहीत. तुमच्या लहानपणी घरात कोण महिनोन् महिने खोकत होतं, तुम्हाला कसली लांबलचक औषधं चालू होती, हे आईवडिलांना किंवा गावाकडच्या आत्याला विचारावं लागेल. या रविवारच्या फोनवर विचारून घ्या.